बर्फाच्या खणातल्या लाल बाटल्या

मागच्या ऑक्टोबरमधली दुपार, तीनचा सुमार. हर्णै बंदरापासून माझा दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. दोन खलाशी तिसऱ्याला मधे धरून आत आले. मधला पोरगा तेवीस वर्षांचा. बनियनवर घामाचं मीठ पांढरं सुकलेलं, ओठ फुटलेले, हातांना कापरं. स्टुलावर बसता बसता म्हणाला, "काय नाय मॅडम, जरा धडधडतंय. झोप झाली की जाईल."

नाडी १२४. रक्तदाब १४८/९४. ताप नाही, रक्तातली साखर ठीक. ईसीजीत ठोक्यांची लय बरोबर होती, पण वेग फार, आणि मधूनमधून एखादा ठोका वेळेआधीच पडत होता. छातीत दुखणं, चक्कर, शुद्ध हरपणं यातलं काही नव्हतं. असतं तर त्याला तसाच गाडीत घालून दापोलीला पाठवलं असतं.

"काल रात्री काय खाल्लंस?"

"जेवण सांजच्यालाच झालं. मग एनर्जी."

"किती?"

त्याने सोबत्यांकडे बघितलं. त्यातल्या एकाने पंजा दाखवला आणि वर दुसऱ्या हाताचं एक बोट. सहा. एका रात्रीत सहा बाटल्या, आणि अशा पाच रात्री सलग.

हे प्रकरण त्याच्या, त्याच्या आईच्या आणि तांडेलाच्या, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाच्या, परवानगीने लिहिते आहे. नावं लिहिणार नाही, बोटीचंही नाही. लिहायचं कारण इतकंच की त्या दिवसानंतर मी बंदरावर विचारत गेले आणि मला दिसलं की ही एका पोराची किंवा एका बोटीची गोष्ट नव्हे. सुरुवातीला मी स्वतःही त्याला चुकीचा सल्ला दिला होता. तो का चुकला, हेही नोंदवून ठेवायला हवं.

बाटलीत काय होतं

एनर्जी म्हणजे एनर्जी ड्रिंक. २५० मिलीची प्लॅस्टिकची बाटली, किंमत २० रुपये. बोटीवर क्रेटने भरतात. पाणी, डिझेल, बर्फ, शिधा आणि एनर्जी. बाटल्या मासळीसाठी नेलेल्या बर्फातच खुपसून ठेवतात. पुढचं सगळं समजायला ही बर्फाची गोष्ट फार उपयोगी पडली, पण ती मला उशिरा कळली.

त्याच्या सोबत्याने खिशातून रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. लेबल वाचलं. १०० मिलीत २९ मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे बाटलीमागे ७२ च्या आसपास. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांत कॅफीनची मर्यादा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम ठेवली आहे. बाटली नियमात होती. बाटलीवर बारीक अक्षरांत हेही छापलं होतं की लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफीन न सोसणारी माणसं यांनी पिऊ नये, आणि दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये. ५०० मिली म्हणजे दोन बाटल्या. हा सहा घेत होता. ते बारीक अक्षर इंग्रजीत, आणि रात्री दोन वाजता डेकवरच्या दिव्यात ते वाचणार कोण?

सहा बाटल्यांचं कॅफीन झालं ४३० मिलिग्रॅमच्या वर, त्यात बोटीवरचा चहा वेगळा. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत सहसा त्रास होत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटलं. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात ३०० ची रेषा आखली आहे. कुठलीही रेषा घ्या, हा पोरगा पाच रात्री तिच्या पलीकडे होता, आणि तेही उपाशी पोटी, उन्हातान्हात, झोपेविना.

साखरेचं गणित बाटलीगणिक बदलतं. काही बाटल्यांवर १०० मिलीला सातेक ग्रॅम दिसते, काहींवर अकरा. अकरा ग्रॅमवाली असेल तर एका बाटलीत २७ ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते आणि २५ च्या आत राहिली तर उत्तम.

लेबलावर आणखी दोन नावं ठळक होती: टॉरिन आणि बी गटातली जीवनसत्त्वं. पोरं त्याला "ताकदीचं औषध" म्हणतात. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. तिसऱ्या, कालवं हे शिंपले आणि माकूळ म्हणजे स्क्विड, यांत टॉरिन भरपूर असतं. सुकवलेल्या माकुळावर जो पांढरा भुरका धरतो, त्यात टॉरिनच असतं. बी-१२ म्हणाल तर बांगडा त्याने भरलेला. जे आपल्या जाळ्यात येतं आणि संध्याकाळच्या लिलावात टोपलीने विकलं जातं, तेच चिमूटभर रंगीत पाण्यात मिसळून परत आपल्याच पोरांना २० रुपयांना.

कॅफीन काय करतं, काय करत नाही

त्या दुपारी त्याला समजावून सांगितलं ते इथेही सांगते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की पेंग येते. कॅफीन त्याच जागा आधी अडवून बसतं. थकवा साठायचा थांबत नाही, फक्त त्याची खबर मेंदूला पोचत नाही. कॅफीन उतरलं की सगळा थकवा एकदम अंगावर येतो, आणि हात पुन्हा बर्फात जातो.

त्यात कॅफीन सावकाश उतरतं. अंगातलं निम्मं जायलाच साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. पहाटे तीनला अंगात ३०० मिलिग्रॅम असेल तर सकाळी आठला दीडशे, दुपारी एकला पंच्याहत्तर. म्हणजे हा पोरगा दुपारी केबिनमध्ये आडवा व्हायचा तेव्हा एक अख्खी बाटली प्यायल्याइतकं कॅफीन त्याच्या अंगात फिरत असायचं. डोळे मिटायचे, झोप लागायची नाही. रात्री पुन्हा बाटल्या.

"कॅफीनने अंगातलं पाणी आटतं" असं सरसकट बोललं जातं. रोज घेणाऱ्याच्या बाबतीत त्याने लघवी थोडीच वाढते, तो मुख्य दोष नाही. मुख्य गोष्ट अशी की बाटली प्यायल्यावर तहान भागल्यासारखी वाटते आणि साधं पाणी प्यायचं राहून जातं.

त्याला दोन दिवस घरी झोपवलं. तिसऱ्या दिवशी नाडी ८८ वर आली आणि ईसीजी साफ निघाला.

माझा पहिला सल्ला

मी त्याला आणि बोटीवरच्या इतर सात जणांना सांगितलं: एनर्जी एकदम बंद. त्याऐवजी शहाळी घेऊन जा आणि घरचं अमृत कोकम घेऊन जा. हे सांगताना मला मनापासून वाटत होतं की मी कोकणातलं सर्वांत उत्तम तेच देते आहे.

सहा दिवसांची फेरी झाली आणि तांडेल स्वतः आला. पन्नाशीचा माणूस, बोलणं तुटक.

"मॅडम, तुमची चाळीस शहाळी दोन दिवसांत संपली. वर जागा किती खाल्ली! लाटेवर इकडून तिकडे गडगडत होती. एकाच्या पायावर आलं."

"आणि पोरं?"

"दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं डोकं ठणकत होतं. एकाने उलट्या काढल्या. तिसऱ्या दिवशी बाजूच्या बोटीकडून क्रेट घेतलं. मीच घ्यायला लावलं."

त्याला दोष देण्यासारखं काहीच नव्हतं. रोज चारशे मिलिग्रॅम घेणाऱ्याचं कॅफीन एका दिवसात तोडलं तर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, एक-दोन दिवसांत ते कळसाला पोचतं आणि कधी आठवडाभर पुरतं. हे मला माहीत होतं. पण समोर तेवीस वर्षांचा पोरगा कापऱ्या हातांनी बसलेला बघून मी घाई केली. मधल्या समुद्रात, हलत्या डेकवर, दोरखंड आणि विंच, म्हणजे जाळं ओढायचं यंत्र, यांच्याजवळ उभ्या माणसाचं डोकं ठणकत असणं हा साधा त्रास नव्हे, तो धोका आहे.

शहाळ्याबद्दलही मी नीट विचार केला नव्हता. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्या मानाने कमी. किनाऱ्यावर, उन्हातून आल्यावर, जेवणखाण व्यवस्थित असताना शहाळ्यासारखं पेय नाही. पण सहा-सहा तास घामाने निथळणाऱ्याला नुसत्या शहाळ्यावर ठेवलं तर मिठाची बाजू लंगडीच राहते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला तर ते पोटॅशियम सोसतही नाही, म्हणून वयस्कर खलाशांना विचारल्याशिवाय रोज दोन-तीन शहाळी सांगू नयेत.

अमृत कोकमाचं तर मी स्वतः घरी मोजून बघितलं. रातांब्याच्या सालींवर साखरेचे थर देऊन उन्हात मुरवलेला तो पाक. निम्म्याहून अधिक वजन साखरेचं. ग्लासात ४० मिली घातला तर पंचवीसेक ग्रॅम साखर सहज होते. आणि बोटीवर तो घट्टच करतात, कारण गोड हवं असतं. म्हणजे मी पोरांकडून एक गोड बाटली काढून घेतली होती आणि दुसरी दिली होती. कॅफीन गेलं, साखर तशीच राहिली. पाहुण्याला अमृत कोकम जरूर द्यावं. रात्रभर राबणाऱ्याचं ते पेय नाही.

दुसऱ्यांदा, चौघं बसून

पुढच्या वेळी मी एकटीने काही ठरवलं नाही. तांडेल, तो पोरगा, त्याची आई आणि बोटीवरचा भंडारी, म्हणजे रांधणारा, असे चौघं दवाखान्यात बोलावले. केसपेपरची मागची बाजू घेतली, एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर चोवीस तास मांडले आणि म्हटलं, आता रात्र कशी जाते ते सांगा.

संध्याकाळी सहाला भात, म्हावऱ्याचं कालवण. आठला जाळं टाकायचं. अडीच-तीन तास ओढायचं. उपसायचं. कोळंबी वेगळी, माकूळ वेगळं, बारीक म्हावरं वेगळं असं निवडायचं, धुवायचं, बर्फात भरायचं. तोवर जाळं पुन्हा पाण्यात. मधे मिळाली तर तास-दीड तास झोप. असं सकाळी नऊपर्यंत. मग दहाला चहा-बटर, आणि जेवण बारा-एकला.

भंडारी त्या रेघेकडे बघत होता. संध्याकाळी सहाच्या पुढे त्याने बोट ठेवलं आणि सरकवत सकाळी दहावर नेलं. "ह्याच्यात मी काय रांधतच नाय," तो म्हणाला. कुणी काही बोललं नाही. सोळा तास. अंगमेहनतीचे सोळा तास, आणि पोटात भाताचा एक कण नाही.

पोराची आई इतका वेळ दाराजवळ उभी होती. ती म्हणाली, "ह्याचा बाप पेज न्यायचा. रात्री दोनदा प्यायचे सगळे."

त्या वाक्याशी प्रकरण फिरलं.

मी त्या रेघेवर चार ठिकाणी खुणा केल्या. पोट रिकामं, ते सोळा तास. पाणी, कारण आठ माणसांत दिवसाला माणशी दीड-दोन लिटरच पोटात जात होतं. मीठ. आणि झोप. पोरं या चारही गोष्टींची मागणी एकाच बाटलीकडे करत होती. भूक लागली, बाटली. घसा सुकला, बाटली. पाय जड झाले, बाटली. डोळे मिटायला लागले, बाटली. म्हणून त्या बाटलीला पर्याय म्हणून दुसरी एकच बाटली शोधणं हीच माझी चूक होती. प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळेला हवी होती.

पेज

उकड्या तांदळाची पेज कोकणात कुणाला शिकवावी लागत नाही. तरी बोटीपुरती ती आम्ही मापात बसवली. अकराला एकदा, पहाटे तीनला एकदा, माणशी मोठा पेला भरून. त्यात मीठ, आणि सोबत भाजलेल्या जवळ्याची किंवा सुकटीची चटणी. भंडाऱ्याने आधी कुरकुर केली, रात्री हलत्या बोटीत स्टोव्ह कोण पेटवणार म्हणून. मग पाच लिटरचा स्टीलचा थर्मास आला. संध्याकाळच्या भाताबरोबरच पेज शिजते, थर्मासात जाते, तीनलाही ऊन असते.

हा नुसता आजीचा बटवा नव्हे. पेजेतला स्टार्च आतड्यात हळूहळू तुटून ग्लुकोज होतो. ग्लुकोज आणि सोडियम लहान आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, तेही याच जोरावर. पुढे तांदळाच्या पिठाचं ओआरएसही कॉलऱ्यात वापरलं गेलं. पेज पिणाऱ्या कोकणी माणसाला हे ऐकून बरं वाटेल.

ज्यांना पेज नको असेल त्यांच्यासाठी नाचणीची आंबील. रात्री पीठ ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळापेक्षा कितीतरी पट. पण समुद्रात ताक टिकत नाही, म्हणून आंबील पहिल्या दोन दिवसांपुरतीच. नंतर नुसत्या पाण्यातली पातळ नाचणी, मीठ घालून.

आगळ

आता बर्फाची गोष्ट. पोरग्याला मी विचारलं होतं, "बाटली प्यायल्यावर सगळ्यात बरं काय वाटतं?" मला वाटलं तो तरतरी म्हणेल. तो म्हणाला, "गार लागतं ना, मॅडम. इंजिनाजवळनं आलो की घशाखाली गार जातं."

बोटीवरचं पिण्याचं पाणी पिंपात, दुपारच्या उन्हात ते कोमट होतं, त्याला प्लॅस्टिकचा वास येतो. आणि बर्फात खुपसलेली एकच गोष्ट पिण्याजोगी होती: लाल बाटली. गार पाणी हाताशी असतं तर निम्म्या बाटल्या फुटल्याच नसत्या.

म्हणून लिटरच्या बाटल्या धुऊन, भरून, बर्फाच्या खणात. प्रत्येकीत पाणी आणि कोकमाचं आगळ. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून मुरवलेला रस, साखर अजिबात नाही. सोलकढीला लागतं तेच. घरोघरच्या आगळात मीठ कमीजास्त असतं, म्हणून चमच्याचं पक्कं माप देता येत नाही. मी सांगितलं: एका लिटरला दोन लहान चमच्यांपासून सुरू करा आणि चाखा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर पाणी वाढवा. हवा तर सुपारीएवढा गूळ. गूळसुद्धा साखरच, तेव्हा सुपारीचा नारळ होऊ देऊ नका.

तांडेलाचा रक्तदाब आधीपासून वाढलेला. त्याला आगळ नाही. त्याच्यासाठी रात्री आमसुलं भिजत घालून सकाळी ते पाणी, मीठ न घालता. बोटीवर आठ माणसं म्हणजे आठ वेगळी शरीरं. सगळ्यांना एकच पेय दिलं असतं तर या माणसाचं मी नुकसान केलं असतं.

कोकमाने चरबी जळते, रक्त शुद्ध होतं, असं बाटल्यांवर लिहून विकतात. मला त्यातलं काही सांगायचं नाही. आगळाचा उपयोग इतकाच की त्याच्या आंबट-खारट चवीने माणूस पाणी जास्त पितो, मीठ भरून निघतं, आणि ते आपल्या परसात तयार होतं. एवढं पुरेसं आहे.

ओआरएसची पाकिटं प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवली. जुलाब, उलटी झाली किंवा घामाने पायात गोळे यायला लागले तर. एक पाकीट एक लिटर पाण्यात, पेल्यात नाही. रोजची तहान भागवायला ते नव्हे.

चहा राहिला, बाटली कमी झाली

चहा मी बंद केला नाही. दीडशे मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. संध्याकाळी एक, रात्री अकराच्या पेजेनंतर तासाभराने एक. रात्री एकनंतर कुणालाच नाही, म्हणजे दुपारी झोप लागते. पहाटे काही ऊन हवं असेल तर गवती चहा आणि आलं उकळून. त्यात कॅफीन नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण लोक मला विचारतात, "मॅडम, झोप न येण्यासाठी काहीतरी नैसर्गिक सांगा." पेजेने जाग राहत नाही. आगळाने राहत नाही, आल्यानेही राहत नाही. भुकेने, तहानेने आलेला शीण त्याने जातो, आणि आमच्या लक्षात आलं की रात्रीचा बराच शीण तोच होता. पण झोपेचं देणं झोपेनेच फिटतं.

एनर्जी या वेळी एकदम तोडली नाही. सहाच्या पाच, तीन दिवसांनी चार, अशा उतरत्या. डोकं दुखलं, पण सोसण्याजोगं.

सर्वांत अवघड गेली ती झोपच. "म्हावरं थांबत नाय, मॅडम," तांडेल म्हणाला. त्याचं खरं आहे. जून-जुलैची दोन महिने बंदी, मग वादळवारं, मग डिझेलचा भाव. जाळं पाण्यात नसेल तर घरात चूल नाही. नाखवाही, म्हणजे बोटीचा मालकही, जाळ्याच्या ओढी कमी करायला तयार नव्हता. बऱ्याच वादानंतर जमलं ते असं: प्रत्येक रात्री दोघांनी एक ओढ सोडायची आणि सलग चार तास झोपायचं, पाळीपाळीने. शिवाय दुपारी केबिनच्या खिडकीला काळं ताडपत्रीचं कापड. आणि विंचवर उभं राहणाऱ्याला पेंग आली की वीस मिनिटं आडवं व्हायची मोकळीक, कुणी हसायचं नाही. हे शेवटचं तांडेलाने स्वतःहून घातलं. त्याच्या ओळखीतल्या एकाची बोटं विंचमध्ये गेली होती.

घरातला दुसरा

या सगळ्यात आईने एक दिवस धाकट्याला आणलं. नववीतला. रात्री झोपत नाही, सकाळी उठत नाही, चिडतो. परीक्षा जवळ आली होती आणि तो रोज दोन बाटल्या पीत होता. "दादा पितो ना," तो म्हणाला. शाळेसमोरच्या टपरीवर मिळतात, वेफर्सच्या शेजारी.

जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत मंत्र्यांनी सांगितलं होतं की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची एनर्जी ड्रिंक्स विकायला बंदी घालू. मी त्या टपरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत पावलं मोजली. साठ भरली. टपरीवाल्याशी भांडण्यात मला रस नाही, त्यालाही पोट आहे. मी मुख्याध्यापकांकडे गेले, त्या बाटलीवरची ओळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिली आणि ती शाळेच्या फलकावर लागली: "लहान मुलांनी पिऊ नये." माझं वाक्य नव्हे, बनवणाऱ्याचंच.

मोठ्यासाठी मी बाटल्या उतरत्या ठेवल्या. धाकट्याच्या बाबतीत तडजोड नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच म्हटलंय की मुलांच्या आणि कुमारांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही. त्याला मी साडेदहाला झोपायला आणि सकाळी नाचणीची भाकरी आणि अंडं खायला सांगितलं. लिंबू सरबत प्यायचं तर घरचं, एक चमचा साखरेचं. तीन आठवड्यांनी आई म्हणाली, हाक मारल्यावर उठतो.

आता कुठे आहे

पोरगा दिवाळीनंतर आला तेव्हा नाडी ८२, रक्तदाब १२८/८४. फेब्रुवारीत पुन्हा ईसीजी काढला, ठीक होता. आता तो फेरीला एखाद-दुसरी बाटली पितो आणि ते मला सांगतो. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. आठातले पाच जण पेज-आगळावर टिकले. एक जण अर्ध्या हंगामात दुसऱ्या बोटीवर गेला, तिथे पुन्हा क्रेट. एक जण रोज एक बाटली पितोच, आणि त्याच्या बाबतीत मी तेवढ्यावर थांबले आहे. शेवटचा इंजिन-ड्रायव्हर. तो त्या पहिल्या सल्ल्यानंतर माझ्यासमोर आलेलाच नाही.

मे महिन्यात त्यांच्या घरी गेले होते. ओटीवर रातांब्यांचा ढीग, आईचे हात कोपरापर्यंत लाल. दरवर्षी ती चार बाटल्या आगळ करायची. यंदा मातीच्या दोन बरण्या भरून ठेवल्या होत्या आणि शेजारच्या दोन बोटींच्या बायका विचारून गेल्या होत्या.

बंदीचे दोन महिने संपत आलेत. १ ऑगस्टला बोटी निघतील. परवा भंडारी शिध्याची यादी दाखवायला आला. उकडे तांदूळ पंधरा किलो. नाचणीचं पीठ तीन किलो. आगळ पाच लिटर. सुकट, जवळा. आमसुलं अर्धा किलो, "तांडेलाची" असं कंसात. गवती चहा परसातला. सगळ्यात खाली "एनर्जी २ क्रेट" असं छापील यादीतलं जुनं वाक्य होतं. ते पेनाने खोडलं होतं. आणि खोडल्याच्या बाजूला वेगळ्या अक्षरात, शाई नवीन: "१२ नग."

"हे कुणाचं अक्षर?"

"ड्रायव्हरचं," भंडारी म्हणाला.

बारा बाटल्या, सहा दिवस, एक माणूस. इंजिनाच्या खोलीतली उष्णता मी कधी बघितलेली नाही, तिथे रात्रभर बसणाऱ्याला काय लागतं ते मला माहीत नाही. शनिवारी संध्याकाळी लिलाव आटपला की मी स्वतः बोटीवर जाणार आहे. भंडाऱ्याला सांगितलंय, ड्रायव्हरला थांबवून ठेव आणि इंजिन चालू ठेव.